सरासरी तीच, गर्दी वेगळी: संगणकाकडून हव्या त्या वितरणाचे रँडम आकडे कसे काढतात

गोव्यातल्या चोडणच्या धक्क्यावर सकाळच्या वेळी रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी वाहनं येत राहतात. समजा, मिनिटाला सरासरी दोन. म्हणजे एकामागून दुसरं वाहन यायला सरासरी ३० सेकंद लागतात. बोट दर २० मिनिटांनी सुटते असं धरू, तिच्यात ४५ वाहनं मावतात असंही धरू, बहुतेक दुचाक्याच. (हे आकडे हिशेबापुरते घेतलेत, नदी परिवहन खात्याचे नव्हेत.) वीस मिनिटांत सरासरी ४० वाहनं येणार आणि जागा आहे ४५ची. कागदावर सगळं आलबेल. तरी रोज ये-जा करणाऱ्याला ठाऊक असतं की अधूनमधून बोट भरते, रॅम्प वर जातो आणि आपण स्कूटर घेऊन धक्क्यावरच. असं किती वेळा होईल?

कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रश्न दिला की निम्मी मुलं एक सरळ उपाय करतात. दोन वाहनांमधली वेळ ० ते ६० सेकंदांमध्ये कुठलीही, सगळ्यांना सारखी संधी. सरासरी ३० येते, मग बिघडलं कुठे? उरलेली मुलं पुस्तकात वाचून घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वितरण वापरतात, म्हणजे लहान फटी पुष्कळ आणि लांब फटी क्वचित. त्याचीही सरासरी ३०. पहिल्यांचं उत्तर येतं, सुमारे पंधरा फेऱ्यांपैकी एका फेरीला वाहन मागे राहील. दुसऱ्यांचं येतं, पाचांपैकी एकीला. बोट तीच, धक्का तोच, सरासरी तीच आणि उत्तरात तिपटीचा फरक. बोट वाढवायची की नाही हा निर्णय पहिल्या उत्तरावर एक निघेल, दुसऱ्यावर दुसरा.

गोम ही आहे की सरासरी म्हणजे वितरण (कुठला आकडा किती वेळा येतो त्याचा आकार) नव्हे. घातांकी वितरणात वाहनं घोळक्यानं येतात आणि मध्येच दोन-दोन मिनिटं रस्ता सुना पडतो. एकमेकांशी काही ठरवून न आलेली माणसं प्रत्यक्षातही साधारण अशीच येतात. ० ते ६० च्या हिशेबात मात्र एक मिनिटाहून मोठी फट कधीच पडत नाही. जणू कुणी शिट्टी मारून सगळ्यांना अंतर राखायला लावतंय.

तेव्हा ‘रँडम आकडा दे’ एवढं संगणकाला सांगून भागत नाही. कुठल्या आकाराचा रँडम, ते सांगावं लागतं. आणि इथे एक गंमत आहे: संगणकाला खरं तर एकच आकार येतो.

मशीनकडे असतं ते एकच

पायथन घ्या, आर घ्या, सी प्लस प्लस घ्या, नाहीतर एक्सेलचं रँड फंक्शन घ्या. तळाशी सगळीकडे एकच गिरणी चालू असते. ती ० ते १ च्या मधला एक आकडा देते, आणि त्या पट्ट्यात कुठेही पडायची संधी सारखी असते. याला सम वितरण म्हणतात. मांडवीतल्या कॅसिनोंमधलं रुलेटचं चाक हे त्याचंच ढोबळ रूप: एका शून्याचं चाक असेल तर ३७ खाचा आणि चेंडू कुठल्याही खाचेत पडायची शक्यता सारखी. रँडम आकड्यांनी गणितं सोडवायच्या पद्धतीला १९४० च्या दशकात लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी ‘मॉन्टे कार्लो’ हे मोनॅकोतल्या कॅसिनोच्या गावाचं नाव दिलं ते उगाच नव्हे.

फरक इतकाच की चाकात खरा योगायोग असतो, गिरणीत नसतो. एक बाळबोध गिरणी हातानं चालवून बघा. कुठलाही आकडा घ्या, त्याला ५ नं गुणा, ३ मिळवा, १६ नं भागा आणि बाकी ठेवा. ७ पासून सुरुवात केली तर ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. सोळाच्या सोळा आकडे एकदा येऊन गेले, क्रम बघून अंदाज लागत नाही आणि प्रत्येकाला १६ नं भागलं की ० ते १ मधले आकडे तयार. सतराव्या वेळी मात्र वरात पुन्हा त्याच वाटेनं. सुरुवातीच्या त्या ७ ला सीड म्हणतात. सीड तोच दिला की अख्खी रांग तीच मिळते.

खऱ्या गिरण्या याच जातीच्या, फक्त अवाढव्य. पायथनचं रँडम मोड्यूल आणि आर भाषा मर्सेन ट्विस्टर नावाची गिरणी वापरतात. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तिची रांग २ च्या १९९३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येइतकी लांब आहे. ती संख्या लिहायची झाली तर सहा हजारांवर अंक लागतील. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीनं २०१९ मधल्या १.१७ आवृत्तीपासून नव्या जनरेटरसाठी पीसीजी नावाची दुसरी गिरणी घेतली आहे.

गिरणी वाईट असली की काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६० च्या दशकात चाललेली रँडू. वरच्यासारखाच गुणाकार, गुणक ६५५३९. सुटे आकडे बघितले तर खोट काढता येत नव्हती. पण लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन खोलीच्या लांबी, रुंदी, उंचीत ठिपके मांडले की सगळे ठिपके अवघ्या १५ समांतर पापुद्र्यांवर बसलेले दिसतात! मधली जागा कायमची रिकामी. तोवर कितीतरी जणांचे प्रबंध त्या आकड्यांवर लिहून झाले होते.

आज भाषेबरोबर मिळणारी गिरणी बिनदिक्कत वापरावी, घरी बनवायच्या फंदात पडू नये. अपवाद एकच: पासवर्ड, ओटीपी, टोकन. मर्सेन ट्विस्टरचे लागोपाठचे ६२४ पूर्ण आकडे कुणाच्या हाती लागले तर पुढचे सगळे तो सांगू शकतो. तिथे पायथनमध्ये सीक्रेट्स नावाचं वेगळं मोड्यूल आहे, तेच घ्यायचं.

संगणक नव्हते तेव्हा लोक काय करत? छापील तक्ते वापरत. लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचा तक्ता काढला. तो सम वितरणाचा. हव्या त्या आकारात वळवलेले आकडे लागत होतेच, आणि ते काम भारतात झालं: कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून काढलेल्या नमुन्यांचे तक्ते १९३४ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात छापले. म्हणजे आज आर भाषेत ‘आरनॉर्म’ असं एका शब्दात लिहून जे मिळतं ते तेव्हा पानंच्या पानं छापून ठेवावं लागे.

पट्टी वाकवायची कशी

आता मूळ मुद्दा. हातात ० ते १ मधला सपाट आकडा आहे, हवाय वेगळ्या आकाराचा. तो कसा वळवायचा?

एक मीटरची, म्हणजे १००० मिलिमीटरची पट्टी डोळ्यासमोर आणा. प्रश्न असा: पुढच्या एका मिनिटात धक्क्यावर किती वाहनं येतील? सरासरी २ असताना प्वासाँ वितरण (ठरलेल्या वेळात किती घटना घडतील त्याचं वितरण) शक्यता सांगतं: एकही नाही १३.५ टक्के, एक २७.१, दोन २७.१, तीन १८, चार ९, पाच ३.६, सहा किंवा जास्त १.७. पट्टीचे पहिले १३५ मिलिमीटर ‘शून्य’ला द्या, पुढचे २७१ ‘एक’ला, पुढचे २७१ ‘दोन’ला, मग १८०, ९०, ३६ आणि उरलेले १७ ‘सहा किंवा जास्त’ला. पट्टी संपली. आता गिरणीकडून आकडा घ्या आणि पट्टीवर ठेवा. ०.७३ आला म्हणजे ७३० वी रेघ. ती ६७७ ते ८५७ च्या तुकड्यात पडते, म्हणून उत्तर तीन वाहनं. ०.०८ आला तर शून्य. ०.४१ आला तर दोन, कारण ‘एक’चा तुकडा ४०६ ला संपतो.

बस्स, युक्ती एवढीच. टाकलेला आकडा सपाटच आहे; तुकडे लहान-मोठे असल्यामुळे मोठ्या तुकड्यात तो जास्त वेळा पडतो. पुस्तकी भाषेत, टक्के एकापुढे एक रचत गेलो ते संचयी वितरण, आणि रेघेवरून मागे येत तुकडा ओळखला ती व्यस्त पद्धत. एक्सेलमध्ये नॉर्म डॉट इन्व्ह या फंक्शनमध्ये रँड घालतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं, आणि आर भाषाही प्रसामान्य आकडे काढायला आपण वेगळं काही सांगितलं नाही तर हीच वाट धरते.

मोजता येणाऱ्या वाहनांऐवजी वेळेसारखी अखंड गोष्ट असेल तर तुकडे अनंत बारीक होतात, पण तत्त्व बदलत नाही. घातांकी वितरणात ‘दोन वाहनांमधली फट ट सेकंदांपेक्षा लहान असण्याची शक्यता’ एका सूत्रानं मिळते. ते सूत्र उलटं फिरवलं की:

फट = −३० × लॉग(१ − उ)

इथे ‘उ’ हा गिरणीतून आलेला आकडा, ३० ही सरासरी आणि लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. ‘उ’ला ०.१० घातला तर फट ३.२ सेकंद, ०.५० ला २०.८, ०.९० ला ६९.१ आणि ०.९९ ला १३८ सेकंद. नीट बघा: बरोबर मधला आकडा ०.५० दिला तरी फट सरासरीपेक्षा खूप कमी आली. एकूण फटींपैकी ६३ टक्के सरासरीच्या आत असतात, आणि त्यांचा तोल सांभाळायला मोजक्या लांबलचक फटी. घोळका आणि सुना रस्ता, दोन्ही या एका ओळीतून निघतात.

आत ‘१ − उ’ कशाला, नुसता ‘उ’ का नको? बहुतेक भाषांतली गिरणी ० देऊ शकते, १ कधीच देत नाही. शून्याचा लॉग काढायला गेलात तर प्रोग्रॅम आडवा होतो किंवा अनंत असं उत्तर देतो. कोट्यवधी वेळांत एखाद्या वेळीच हे होणार, म्हणजे नेमकं रात्रभर चालत ठेवलेल्या कामात.

फेरीचा अख्खा प्रयोग आता काही ओळींत बसतो:

वेळ = ०, वाहने = ०
जोवर वेळ < १२०० :
    उ = ० ते १ मधला नवा आकडा
    वेळ = वेळ − ३० × लॉग(१ − उ)
    जर वेळ ≤ १२०० : वाहने = वाहने + १

ही एक फेरी. असं दहा हजार वेळा करा, किती फेऱ्यांत वाहनं ४५ च्या वर गेली ते मोजा, दहा हजारांनी भागा. उत्तर ०.१९ च्या आसपास येईल. फेरीमागून फेरी मोजलेले आकडे चाळीसच्या दोन्ही बाजूंना साधारण सव्वासहाच्या प्रमाण विचलनानं (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) पसरलेले दिसतील, कारण प्वासाँमध्ये प्रमाण विचलन हे सरासरीचं वर्गमूळ असतं. ० ते ६० वाल्या मुलांचा पसारा मात्र साडेतीन-पावणेचारच निघतो. पंधरा आणि पाच यांतला फरक इथून आला.

मागे राहिलेली वाहनं पुढच्या फेरीच्या रांगेत धरायची असतील तर शेवटी एक वजाबाकी वाढते. ती तुम्हीच घाला.

पोदेराचा पाव आणि दोन आकड्यांची जोडी

प्रसामान्य वितरण, म्हणजे घंटेच्या आकाराचं, हे सगळ्यांच्या ओळखीचं. पोदेराकडचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचा, पाव घ्या: कणीक हातानं तोडलेली, भट्टीत कमी-जास्त शेकलेली, अनेक बारीकसारीक कारणं मिळून वजन ठरतं. अशा ठिकाणी घंटा चांगली बसते. समजा सरासरी ५० ग्रॅम, प्रमाण विचलन ३ ग्रॅम.

घोडं पेंड खातं ते इथे की घंटेचं संचयी वितरण साध्या सूत्रात मांडताच येत नाही, मग उलटं काय फिरवणार? जुन्या प्रोग्रॅमरांची एक पळवाट होती: गिरणीतून बारा आकडे घ्या, बेरीज करा, ६ वजा करा. सरासरी बरोबर ० आणि प्रमाण विचलन बरोबर १ येतं. बघायला सुबक, पण उत्तर −६ ते ६ च्या बाहेर जाऊच शकत नाही आणि टोकाच्या घटना खऱ्यापेक्षा कमी वेळा येतात. पूर किंवा बँक बुडण्याचा हिशेब करणाऱ्याला तर टोकंच हवी असतात. शाळेतल्या प्रयोगापुरती ठीक.

१९५८ मध्ये बॉक्स आणि म्युलर यांनी काढलेली वाट मला अजूनही फार देखणी वाटते. एका घंटेचं गणित सुटत नाही ना, मग दोन घंटा एकमेकींना काटकोनात ठेवा. कागदावर आडवा आकडा एका घंटेतून आणि उभा दुसरीतून घेऊन ठिपके टाकत गेलात तर मध्याभोवती सर्व दिशांना सारखा असा गोल ठिपक्यांचा ढग होतो. म्हणजे ठिपक्याची दिशा कुठलीही, सपाट रँडम. आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग? तो निघतो घातांकी, आपल्या धक्क्यावरच्या फटींसारखाच. हे दोन्ही आपल्याला काढता येतात!

त्रिज्या = √(−२ × लॉग(उ१)), कोन = ३६० अंश × उ२

उ१ = ०.३० आणि उ२ = ०.८५ घेऊ. त्रिज्या १.५५२, कोन ३०६ अंश. कोसाइननं गुणलं तर ०.९१२, साइननं गुणलं तर −१.२५५. दोन सपाट आकडे दिले, घंटेचे दोन आकडे मिळाले, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र. आता ३ नं गुणून ५० मिळवा: एक पाव ५२.७ ग्रॅमचा, दुसरा ४६.२ चा. (प्रोग्रॅममध्ये कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये द्यायचा, आणि उ१ शून्य होऊ द्यायचा नाही.) पायथनच्या रँडम मोड्यूलमधलं गाउस फंक्शन अशीच जोडी काढतं, एक लगेच देतं आणि दुसरा पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतं.

नमपायची नवी गिरणी मात्र झिगुरात ही पद्धत वापरते, मार्साग्लिया आणि त्सांग यांची, सन २००० ची. तिच्यात लॉग, साइन असलं महागडं काम क्वचितच करावं लागतं, म्हणून ती वेगवान. ती समजायला आधी ‘नाकारणं’ समजायला हवं.

गोव्यात कुठेही एक ठिपका

समजा सर्वेक्षणासाठी गोव्यातला कुठलाही एक बिंदू रँडम निवडायचा आहे, इंच न् इंच जमिनीला सारखी संधी देऊन. तेरेखोल ते पोळे या वेड्यावाकड्या सीमेचं सूत्र कुठून आणणार? नका आणू. नकाशावर गोव्याला कवेत घेणारा आयत काढा: अक्षांश साधारण १४.९ ते १५.८, रेखांश ७३.६५ ते ७४.३५. एक सपाट आकडा घेऊन अक्षांश ठरवा, दुसरा घेऊन रेखांश. ठिपका समुद्रात पडला? फेकून द्या. सिंधुदुर्गात पडला, कारवारच्या डोंगरात पडला? फेकून द्या. गोव्यात पडला की ठेवा. ठेवलेले ठिपके गोवाभर सारखे पसरलेले असतात, यापलीकडे काही सिद्ध करायचं उरत नाही.

या आयताचं क्षेत्रफळ सात-साडेसात हजार चौरस किलोमीटर भरतं आणि गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्याच्या आसपास ठिपके वाया. परवडतं. आयत जितका अंगाबरोबर, तितकी नासाडी कमी. आयतात गोव्याऐवजी एखाद्या वितरणाचा आलेख ठेवा: आलेखाच्या खाली पडलेला ठिपका ठेवायचा, वर पडलेला फेकायचा आणि ठेवलेल्याचा फक्त आडवा आकडा घ्यायचा. सूत्र उलटं फिरवता येत नसलेल्या कुठल्याही वितरणाला ही वाट खुली आहे. झिगुरातमध्ये घंटेला एका आयतानं नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या शेकडो पट्ट्यांनी झाकलेलं असतं, इतकं अंगाबरोबर की जवळजवळ काहीच फेकावं लागत नाही.

उणे पाऊस

इथवरचं काम लायब्ररी करते. आपल्याकडे उरतं ते वितरण निवडणं आणि त्याचे मापदंड नीट देणं, आणि पाणी मुरतं ते तिथेच.

जुलैत पणजीला महिन्याभरात साधारण नऊशे-हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे दिवसाला सरासरी तीसेक. रोजच्या पावसाचे आकडे बनवायचे म्हणून कुणी प्रसामान्य वितरण घेतलं, सरासरी ३० आणि प्रमाण विचलन समजा ३५, तर दर पाच दिवसांत एक दिवस उणे पाऊस पडेल. आभाळाकडे परत जाणारा! उणे आले त्यांचे शून्य करून टाकू, असं लोक सर्रास करतात. त्यानं सरासरी वाढते आणि आकार तर आधीपासूनच चुकलेला असतो. पावसाला गॅमा वितरण बरं. ते शून्याखाली जात नाही, लहान आकडे भरपूर देतं आणि अधूनमधून झोडपूनही काढतं. पूर्ण कोरडे दिवस हवे असतील तर आधी एक नाणेफेक, ‘आज पडणार का’, आणि पडणार असेल तरच गॅमा.

गॅमाला दोन मापदंड लागतात, आकार आणि मोजपट्टी. सरासरी म्हणजे दोघांचा गुणाकार. आपल्या आकड्यांवरून मोजपट्टी = ३५ चा वर्ग भागिले ३० = ४०.८, आणि आकार = ३० भागिले ४०.८ = ०.७३५. नमपायला हे दोन आकडे याच क्रमानं द्या, काम झालं. आता तेच दोन आकडे त्याच क्रमानं आर भाषेच्या आरगॅमाला द्या. तिथे नाव न घालता दिलेला दुसरा आकडा मोजपट्टी नसतो, दर असतो, म्हणजे मोजपट्टीचा व्यस्त. जुलैतल्या पणजीत दिवसाला सरासरी ०.०१८ मिलिमीटर पाऊस! एवढा वेडगळ आकडा असला की लगेच लक्षात येतं. मोजपट्टी एकच्या जवळपास असेल तेव्हा मात्र चूक महिनोन्‌महिने खपून जाते.

घातांकी वितरणातही हीच गल्लत. पायथनचं एक्स्पोव्हॅरिएट दर मागतं, म्हणजे आपल्या धक्क्यासाठी एक भागिले तीस. नमपायचं एक्स्पोनेन्शियल सरासरी मागतं, म्हणजे सरळ ३०. दोन्ही पायथनमध्येच राहतात आणि एकाच फाइलीत शेजारीशेजारी सापडतात. प्रसामान्य वितरणाला बहुतेक भाषा प्रमाण विचलन मागतात, पुस्तकं मात्र सवयीनं त्याचा वर्ग लिहितात. उपाय बाळबोध आहे, पण दुसरा नाही: लाखभर आकडे काढायचे, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन मोजायचं, हव्या त्या आकड्यांशी ताळा करायचा, स्तंभालेख काढून डोळ्यांनी बघायचा. दोन मिनिटांचं काम.

सीडबद्दलही थोडं. प्रयोग पुन्हा तसाच करून दाखवता यावा म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सीड एकदाच द्यावा. तो चुकून चक्राच्या (लूपच्या) आत लिहिला की गिरणी दर फेरीला पहिल्या पायरीवर परत येते आणि दहा हजार फेऱ्यांत वाहनं नेमकी तेवढीच: ३७, ३७, ३७, ३७. विद्यार्थी ‘सर, प्रमाण विचलन शून्य येतंय’ म्हणून वही पुढे करतात ते बहुधा याच कारणानं. दुसरं, सी प्लस प्लसमध्ये मर्सेन ट्विस्टरचे कच्चे आकडे सगळीकडे सारखे येतात, पण त्यांना घंटेचा आकार कसा द्यायचा ते भाषेच्या प्रमाणकानं ठरवून दिलेलं नाही. त्यामुळे सीड तोच असूनही कंपायलर बदलला की प्रसामान्य आकडे बदलू शकतात. आणि सीड बदलत बदलत मनासारखं उत्तर येईपर्यंत प्रयोग चालवणं ही शुद्ध लबाडी आहे, मग ती प्रबंधात असो की टेंडरच्या अहवालात.

परत धक्क्यावरच्या हिशेबाकडे, कारण त्यात एक गोष्ट मी सोयीसाठी दडपली होती. मिनिटाला दोन हा दर दिवसभर सारखा नसतो. शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला समजा तो चारावर जातो, दुपारी मिनिटाला अर्ध्या वाहनावर (०.५) येतो. यासाठीही नाकारण्याचीच पद्धत चालते. सगळ्या दिवसासाठी सर्वांत मोठा दर, चार, धरून वाहनं तयार करा. मग प्रत्येक वाहनासाठी एक सपाट आकडा काढा आणि त्या वेळेचा खरा दर भागिले चार यापेक्षा तो मोठा असेल तर ते वाहन गाळा. दुपारी अडीचला आठांतलं एकच टिकेल, सकाळी साडेआठला सगळी. चालत येणाऱ्या माणसांना मात्र हे तसंच्या तसं लागू पडत नाही, कारण ती बसमधून एकदम उतरतात. तिथे आधी बस किती वेळानं आली ते घातांकी वितरणातून काढायचं आणि मग तिच्यातून किती जण उतरले ते दुसऱ्या वितरणातून.